अकरावं मत

मगदूम शेटजींनी पेटी माझ्यासमोर टीपॉयवर ठेवली, किल्ली फिरवली आणि झाकण उघडून हात मागे घेतला. पिस्तूल एका जुन्या मऊ फडक्यात गुंडाळलेलं होतं. फडक्याला हळदीचा वास येत होता. त्या घरात पडद्यांपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळ्यालाच तो यायचा, कारण जिनगोंडा मगदूम सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे अडते होते आणि चाळीस वर्षं तो वास अंगावर घेऊन घरी येत होते.

"बघ," ते म्हणाले. "आपली काही तक्रार नाही."

मी गोळ्यांचं मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, आत गोळी नाही याची खात्री केली आणि पिस्तूल उजेडात धरलं. कारखान्यातून आलेला तेलाचा थर जिथल्या तिथे होता. मी पिशवीतून फॉर्म काढला आणि एकेक प्रश्न वाचत गेलो. वजन कसं वाटतं, पकड कशी आहे, नेम कसा लागतो. शेटजी प्रत्येकाला 'उत्तम' म्हणत होते आणि मी लिहीत होतो. पाचवा प्रश्न होता, आजवर किती गोळ्या उडवल्या.

"उडवल्या म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे रेंजवर जाऊन. सरावाला."

"एकही नाही. आपल्याला कशाला लागतोय सराव?"

"मग नेम उत्तम लिहिलाय तो..."

"राहू दे की. वाईट आहे असं तर कुणी म्हणालेलं नाही."

त्यांच्या पत्नी, पद्मावती वहिनी, ताकाचे पेले घेऊन आल्या. टीपॉयवर उघडी पेटी दिसली तशा त्या वळल्या, पेले लांब खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि आत गेल्या. शेवटचा प्रश्न भरवशाबद्दल होता. या शस्त्रावर आपला किती भरवसा आहे, असं छापलं होतं. शेटजींनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'पूर्ण.' थोडं थांबून पुढे लिहिलं, 'हे घरात आहे म्हणून मी आहे.'

मी ते तेव्हा नीट वाचलंही नाही. घडी घालून पिशवीत टाकलं आणि ताक पिऊन निघालो.

ही गोष्ट आहे अठरा-एकोणीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा तिशीच्या आतबाहेर होतो आणि आबा शितोळ्यांच्या बंदुकीच्या दुकानात दुरुस्तीचं काम करत होतो. आमचं आडनाव शिकलगार. आजा तलवारींना धार लावायचा, वडील कात्र्या-अडकित्त्यांना लावायचे, आणि मी मिरजेहून रोज सायकलवर येऊन लोकांच्या बारा बोअरच्या बंदुका साफ करायचो. आबांच्या वडिलांच्या वेळी दुकानात पिकांची राखण करणाऱ्या शेतकऱ्यांची रीघ असायची म्हणे. माझ्या वेळेपर्यंत आठवड्याला दोन गिऱ्हाईकं आली तर आबा पेपर बाजूला ठेवून उभे राहायचे.

त्याच्या तीन वर्षं आधी ते पिस्तूल बाजारात आलं होतं. बत्तीस बोअरचं, आपल्याच देशात बनलेलं. तोवर पिस्तूल म्हणजे परदेशी, आणि त्याची किंमत ऐकूनच माणूस लायसनचा विचार सोडून द्यायचा. हे मात्र मध्यम धंदेवाल्याला परवडेल असं होतं. बनवणाऱ्या कारखान्याचं नाव मी घेत नाही. तो आता ते पिस्तूल बनवतही नाही. आबांनी जिल्ह्यात अकरा पिस्तुलं विकली होती. आणि आता कारखान्याचं पत्र आलं होतं की ज्यांनी घेतली त्यांची मतं गोळा करून महिनाअखेर पाठवा, किमान दहा. ज्या दुकानाचं काम चांगलं दिसेल त्याला तीन जिल्ह्यांची एजन्सी मिळेल.

आबांनी ते पत्र दिवसातून चारदा वाचलं. सांगली, सातारा, सोलापूर. रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसालाही ते हाक मारून सांगत. मला त्यांनी आपली मोटारसायकल दिली आणि म्हणाले, दस्तगीर, सगळ्यांच्या घरी जा, बसून लिहून आण, पोस्टाने पाठवलं तर एकजण उत्तर देणार नाही.

म्हणून मी चार दिवस फिरलो. इतक्या वर्षांनी त्या फेरीची आठवण झाली की अजून हसू येतं. मिरजेच्या एका कंत्राटदाराचं म्हणणं होतं की पिस्तुलाला चकाकी कमी आहे, लग्नात कमरेला लावलं तर लोकांच्या लक्षात येत नाही. विश्रामबागेतल्या डॉक्टरांची पिस्तुलाबद्दल तक्रार नव्हती, पेटीच्या किल्लीबद्दल होती. ती तीन वर्षांत दोनदा हरवली आणि दोन्ही वेळा बायकोने लपवली असा त्यांना संशय होता. एका निवृत्त साखर कारखाना अधिकाऱ्याने तासभर निवडणुकीबद्दल सांगितलं. प्रत्येक निवडणुकीला पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, परत मिळतं तेव्हा त्याच्यावर कागदी चिठ्ठी चिकटवलेली असते आणि ती निघता निघत नाही. त्यांनी मला चिठ्ठीचा डाग दाखवला. कवठेमहांकाळचे पेट्रोल पंपवाले वाघमोडे म्हणाले की खिशात ठेवलं तर विजार एका बाजूने खाली येते, म्हणून ते गल्ल्यात राहतं.

आणि पाचव्या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर. शून्य. वाघमोडे म्हणाले, गल्ल्यातून बाहेर काढतोय कोण? मी शून्य लिहिलं.

शेवटी राहिल्या आरवाडे बाई. कुमुदिनी आरवाडे तासगावला शाळेत शिक्षिका होत्या आणि शाळेची एन.सी.सी. त्यांनी पंचवीस वर्षं सांभाळली होती. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर मणेराजुरीजवळ भावाच्या द्राक्षबागेच्या कडेला घर बांधून एकट्याच राहत होत्या. मी गेलो तेव्हा त्या बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर पसरलेले मणी हाताने वरखाली करत होत्या. हात झटकून त्या घरात गेल्या आणि एक शाळेची वही घेऊन आल्या.

"बासष्ट गोळ्या," त्यांनी वही उघडत सांगितलं. "अकरा अडकल्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी वही माझ्यापुढे धरली. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या जिल्ह्याच्या रेंजवर जात, परवान्यात बसतील तेवढ्याच गोळ्या उडवत आणि प्रत्येक वेळी तारीख, गोळ्या आणि अडकलेल्या किती, असं तीन रकान्यांत लिहीत. साधारण पाच-सहा गोळ्यांत एक पुढे सरकायची नाही, मधेच तिरकी होऊन राहायची. मग पिस्तूल लोखंडाचा तुकडा.

"हे तुम्ही आम्हाला का नाही कळवलंत, बाई?"

बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. "कळवलं होतं. आषाढात पत्र घातलं. उत्तर आलं नाही."

तेव्हा मला आठवलं. पत्र आलं होतं. दुकानातलं टपाल मीच फोडायचो. हिरव्या शाईतलं दोन पानी पत्र, त्यात काहीतरी मॅगझिनबद्दल होतं. मी आबांना सांगितलं होतं की बाईंना पिस्तूल धड हाताळता येत नाही असं दिसतंय, आणि आबा म्हणाले होते ठेव बाजूला, आल्या की बघू. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. बाई आहेत म्हणून हाताळता येत नसणार, असं मी ठरवून टाकलं होतं. ते त्यांच्यासमोर बसून कबूल करण्यासारखं नव्हतं.

मी त्यांचं मत जसं सांगितलं तसं लिहून घेतलं. निघताना त्यांनी मला किलोभर बेदाणे बांधून दिले. त्यामुळे जास्तच अवघडल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांपुढे अकरा फॉर्म ठेवले आणि बाईंचा वर ठेवला. आबांनी तो दोनदा वाचला. मग पत्र काढलं आणि 'किमान दहा' या शब्दांवर बोट ठेवलं.

"दहा मागितलेत. आपल्याकडे दहा आहेत."

"आबा, बाकीच्या दहांनी एकही गोळी उडवलेली नाही."

"मग त्यांचं अडकलंय असं तरी कुठे आहे?"

मी म्हणालो की एक तपासून बघू, दुसऱ्या कुणाचंही. आबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना राग आला नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. ते फक्त दमल्यासारखे दिसले. म्हणाले, तपासायला गेलं की काहीतरी निघतंच. आधी एजन्सी मिळू दे, मग आपण स्वतः कारखान्याला कळवू, तेव्हा ते ऐकतील तरी. आज कळवलं तर फक्त आपलं नाव कटेल. बाईंचा फॉर्म त्यांनी घडी करून खिशात घातला आणि उरलेले दहा माझ्याकडे दिले, पाकिटात नीट लावायला.

त्यांचं बोलणं अगदीच चुकीचं होतं असं नाही. मी फॉर्म लावायला बसलो. कंत्राटदार, डॉक्टर, साखर अधिकारी, वाघमोडे. मग मगदूम शेटजींचा आला आणि शेवटची ओळ यावेळी मी नीट वाचली. हे घरात आहे म्हणून मी आहे. माझ्या हातून पुढचा फॉर्म लावला गेला नाही. गंमत म्हणून बाळगणाऱ्या माणसाने असं लिहिलं नसतं. काय झालंय, कशाची भीती आहे, मला काही माहीत नव्हतं. पण ज्या वस्तूवर त्यांनी एवढं वजन टाकलं होतं ती सहाव्या गोळीला अडकू शकते हे मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं.

दुपारी जेवायची सुट्टी झाली तसा मी मार्केट यार्डात गेलो. आबांना सांगितलं नाही.

हळदीचे सौदे संपले होते. शेटजी गाळ्यात लोडाला टेकून बसले होते, समोर हळकुंडांचे नमुने. मी जे होतं ते सरळ सांगितलं. बाईंची वही, अकरा अडकलेल्या गोळ्या, आषाढातलं पत्र, ते मीच ड्रॉवरमध्ये ठेवलं हेही. कारखान्याचं पत्र आणि एजन्सी मात्र सांगितली नाही. ती आबांची गोष्ट होती.

 शेटजींनी एक हळकुंड उचललं, मोडलं, आतला रंग बघितला, ठेवून दिलं.

"माझंही तसंच असेल?"

"माहीत नाही, शेटजी. उडवल्याशिवाय कळणार नाही."

"मग उडवू," ते म्हणाले. आवाज इतका शांत होता की मला वाटलं त्यांना नीट समजलं नाही. पण त्यांनी लगेच फोन जवळ ओढला. बाकी मालकांपैकी निम्मे त्यांच्या ओळखीचे होते; उरलेल्यांचे नंबर त्यांनी माझ्याकडून घेतले. येत्या रविवारी, सकाळी आठ, रेंजवर. कंत्राटदाराला ते म्हणाले, चकाकीचं राहू दे, चालतं का बघू. सगळ्यात शेवटी त्यांनी आबांना फोन लावला आणि तेवढंच सांगितलं, रविवारी आठ वाजता या.

मी दुकानात परतलो तेव्हा आबांच्या लक्षात आलेलंच होतं. मला वाटलं आता हिशेब करून घरी जा म्हणतील. त्यांनी पेपर उघडला आणि संध्याकाळपर्यंत वाचत बसले. शुक्रवार आणि शनिवार ते माझ्याशी फक्त कामाचं बोलले. त्या दोन रात्री मी घरी नीट जेवलो नाही आणि आईने दोनदा विचारूनही कारण सांगितलं नाही.

रविवारी आठजण आले. दोघांनी कामं सांगितली. रेंजची परवानगी बाईंनीच काढून ठेवली होती. त्या पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, पदर खोचून उभ्या होत्या आणि आल्या आल्या त्यांनी सगळ्यांचा ताबा घेतला. नळी कायम समोर. बोट चापाच्या बाहेर. मी म्हणेपर्यंत कुणी गोळी भरायची नाही. साठीचा साखर अधिकारी आणि पन्नाशीचा कंत्राटदार शाळेतल्या पोरांसारखे ओळीत उभे राहिले. कानात कापूस घातल्यामुळे प्रत्येकजण मोठ्याने बोलत होता.

आबा आले. हात मागे बांधून भिंतीपाशी उभे राहिले. बाईंनी त्यांना नमस्कार केला, पत्राचा विषय काढला नाही.

पहिला नंबर कंत्राटदाराचा. पहिली गोळी सुटली आणि ती मागच्या मातीच्या ढिगात कुठेतरी गेली, दुसरी अडकली. तो पिस्तूल हलवायला लागला तशी बाईंनी त्याचं मनगट धरून नळी समोर केली आणि स्वतः हळू मोकळं करून दिलं. डॉक्टरांच्या मात्र सातही गोळ्या सुटल्या. दोन तर कागदावर लागल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी त्यांच्या दवाखान्यात कधी बघितलं नव्हतं. साखर अधिकाऱ्यांची चौथी अडकली. पुढच्या दोघांचं सुरळीत झालं. सहावे होते ते कुपवाडचे एक कारखानदार, त्यांची तिसरी अडकली.

मग शेटजी. त्यांनी टोपी काढून माझ्याकडे दिली. पिस्तूल दोन्ही हातांनी धरलं. बाईंनी मागून त्यांचा खांदा सरळ केला आणि म्हणाल्या, श्वास घ्या, अर्धा सोडा. पहिली गोळी सुटली तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी ते उघडले, समोर बघितलं, आणि दुसऱ्यांदा दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. गोळी तिरकी होऊन मधेच बसलेली मला मागूनही दिसत होती.

ते वळले नाहीत. बाईंनी पिस्तूल त्यांच्या हातातून काढून घेतलं, तरी त्यांचे हात तसेच पुढे राहिले होते. मग ते येऊन बाकावर बसले आणि मी परत दिलेली टोपी मांडीवर ठेवून तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

शेवटी वाघमोडे. त्यांची पहिलीच गोळी अडकली. ते तडक आबांसमोर जाऊन उभे राहिले.

"आबा, हे विकलंत तुम्ही आम्हाला? रात्री दीडला पंपावर मी एकटा असतो."

 आठातली पाच अडकली होती, हे आता प्रत्येकाला माहीत होतं. आबांनी मागचे हात सोडले.

"मी विकलं," ते म्हणाले. "एकदाही उडवून बघितलं नाही. बाईंनी पत्र लिहिलं होतं, ते वाचूनही बघितलं नाही. चूक माझी आहे, वाघमोडे. पिस्तूल माझ्याकडे द्या. सगळ्यांनी द्या. नीट होऊन आल्याशिवाय मी कुणाला परत देणार नाही."

पत्र मी ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. मी तसं म्हणायला पुढे झालो तर त्यांनी माझ्याकडे न बघता हाताने थांबवलं. मग खिशातून घडी केलेला फॉर्म काढला, बाईंचा, बाकावर ठेवला आणि म्हणाले, आता बाकीच्यांनीही पुन्हा भरा. मी कोरे फॉर्म आणले होते. कंत्राटदाराने एका गुडघ्यावर ठेवून लिहिलं. वाघमोडेंनी अर्धं पान शिव्या लिहिल्या होत्या, त्या बाईंनी खोडायला लावल्या. डॉक्टरांनी मात्र विचारलं की पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आलं तर चालेल का.

दुकानाकडे परतताना मी मोटारसायकल चालवत होतो आणि आबा मागे बसले होते. विश्रामबागेचा चौक ओलांडल्यावर ते म्हणाले, "मला सांगून गेला असतास तर मी तुला जाऊ दिलं नसतं."

"हो, आबा."

"म्हणून बरं केलंस."

मला त्या दिवशी दुपारी इतकी भूक लागली की आईने तिसऱ्यांदा भाकरी टाकली.

कारखान्याने तीन आठवडे उत्तर दिलं नाही. मग दोन इंजिनिअर आले, दोन दिवस दुकानात बसले. त्या एका खेपेतल्या मॅगझिनचं तोंड केसभर अरुंद होतं. एवढंच. त्यांनी सगळी मॅगझिन बदलून दिली आणि आमच्यामुळे बाहेर किती ठिकाणची बदलावी लागली ते आम्हाला कधी सांगितलं नाही. एजन्सी दुसऱ्या गावच्या दुकानाला मिळाली. तसं कळवणारं पत्र आबांनी एकदाच वाचलं.

पण दुकान बंद पडलं नाही. पहिल्या रविवारी रेंजवर येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. डॉक्टर तर पुढे राज्याच्या स्पर्धेत उतरले, ज्येष्ठांच्या गटात. या सगळ्यांच्या पिस्तुलांची देखभाल, गोळ्या, सराव, सगळं आमच्याकडे. बाईंनी दुकानात येऊन मला मॅगझिन कशी तपासायची ते शिकवलं. दुरुस्तीवाला मी होतो, पण पिस्तूल भरून मी कधी उडवून बघितलं नव्हतं. आबा गेले तेव्हा दुकानाचा परवाना माझ्या नावावर झालेला होता. त्यांनीच दोन वर्षं आधी कागद केले होते, मला न सांगता.

ते सगळं नंतरचं. मला सांगायचं आहे ते त्या रविवारनंतर दोन महिन्यांनी झालं. पिस्तुलं नीट होऊन परत आली होती. एकेकजण येऊन, काउंटरवर मॅगझिन तपासून, आपापलं घेऊन जात होता. मगदूम शेटजी सगळ्यांत शेवटी आले. सकाळची वेळ होती आणि बरोबर पद्मावती वहिनी होत्या. त्या याआधी कधी दुकानात आल्या नव्हत्या. बंदुकांच्या कपाटांकडे न बघता त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या.

मी पिस्तूल काढून शेटजींपुढे ठेवलं. आम्ही स्वतः रेंजवर नेऊन पन्नास गोळ्या उडवल्या होत्या, एकही अडकली नव्हती. तसं मी सांगितलं.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "आता हे विकायचं असेल तर काय करावं लागतं?"

आबांनी मान वर केली. शेटजी काउंटरवर कोपरं टेकून उभे राहिले आणि त्यांनी जे सांगितलं ते आम्ही कुणीच ऐकलेलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी तासगावहून येताना दिवेलागणीला दोघांनी त्यांची गाडी अडवली होती. वहिनींच्या हातातल्या पाटल्या मागितल्या. पाटल्या निघेनात, तर एकाने कोयता काढला, आणि शेटजी शेजारी बसून होते. हात उचलता आला नाही. कोयता लागला नाही, पाटल्या निघाल्या, माणसं गेली. त्यांनी पोलिसांत सांगितलं, घरात दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. आणि पिस्तूल घेतलं. ते रोज रात्री उशाशी ठेवून झोपायचे. म्हणजे पडायचे, झोप कसली, कान दाराकडे. आणि वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आपण जैन, ज्या घरात दिव्यावर किडा येऊन पडू नये म्हणून झाकण ठेवतो त्या घरात मी याच्या शेजारी झोपणार नाही. तीन वर्षं त्या सुनेच्या खोलीत झोपत होत्या.

"रेंजवर ते अडकलं ना," शेटजी म्हणाले, "तेव्हा आधी वाटलं, आता रात्री कुणी आलं तर काय. घरी जाईपर्यंत तेच. आणि मग जेवताना विचार आला की हे तीन वर्षं असंच होतं. कुणी आलं असतं तर चाललंच नसतं. आणि तीन वर्षांत कुणी आलं नाही. मग मी रोज रात्री जागून राखण कशाची करत होतो?"

आबा म्हणाले, आता ते चालतं, शेटजी.

"चालतंय ते कळलं. पण दोन महिने ते तुमच्याकडे आहे आणि माझं काही अडलं नाही. ज्याला पंपावर एकट्याने बसायचंय त्याला द्या. मला हळद विकायची आहे."

मी कागद काढले. लायसनचं काय करायचं, पोलीस ठाण्यात कोणता अर्ज द्यायचा, हे आबांनी समजावून सांगितलं. शेटजींनी चार ठिकाणी सह्या केल्या.  पेटीची किल्ली काउंटरवर ठेवून ते बाहेर गेले, रिक्षा बघायला.

वहिनी उठल्या. पिशवीतून त्यांनी एक पुडी काढून माझ्या हातात दिली, नव्या हळदीची, घरी दळलेली. मी म्हणालो कशाला, वहिनी. त्यांनी दाराबाहेर बघितलं. शेटजी रस्त्याच्या कडेला उभे राहून रिक्षावाल्याशी बोलत होते.

"आता घोरतात फार," त्या मला हळूच म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून त्यांच्याकडे गेल्या.